जवसाची बरणी

ताप उतरला तरी तोंडाची चव परतली नव्हती. रत्नागिरीत अशा वेळी मऊभात, मेतकूट आणि भाजलेला पोह्याचा पापड ठरलेला. पण वर्ध्याहून बदलीने आलेल्या शेजारच्या काकूंनी वाटीभर काळपट, कोरडी चटणी आणून दिली. जवस, लसूण, सुकी मिरची, मीठ. बस्स.

जवस इथलं नव्हे. ते विदर्भ-मराठवाड्यातलं रब्बीचं पीक, काळ्या मातीतल्या ओलीवर वाढणारं, निळ्या फुलांचं.

काकू ते लोखंडी कढईत मंद आचेवर भाजतात. आधी बराच वेळ काहीच होत नाही. मग एखादा दाणा तडतडतो आणि पाठोपाठ सगळेच. पूर्ण गार झाल्याशिवाय वाटायचं नाही, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भिंतीपलीकडचा तो तडतडाट ऐकत पडून राहणं, हा आजारपणातला एकमेव विरंगुळा!

१०० ग्रॅम जवसात साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, २७ ग्रॅम तंतू आणि ४२ ग्रॅम स्निग्धांश. त्यातला निम्म्याहून अधिक ओमेगा-३. म्हणून ते मासळीची जागा घेईल? छे. मिरकरवाडा बंदरावरच्या बांगड्यातलं ओमेगा-३ शरीराला तयार मिळतं. जवसातल्याचं तसं रूपांतर फार थोडं होतं. तरी श्रावणात, किंवा बारमाही शाकाहारी घरात, भाकरीवर चमचाभर चटणी हवीच.

आख्खा दाणा मात्र बहुधा न पचताच बाहेर पडतो, आणि पूड लवकर खवट होते. तेव्हा आठवड्यापुरतीच वाटा आणि बरणीत ओला चमचा घालू नका.