घेता येणारा हात सोडताना

पाच-तीन-दोन खेळायला बसलं की पहिलं काम पत्ते निवडायचं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं बाजूला निघतात, सत्त्यांपैकी इस्पिक आणि बदाम एवढ्याच राहतात आणि उरलेल्या 30 पानांत डाव होतो. लहान पानाला किंमत नसते हा समज इथे इतका पक्का बसतो, की पुढे ब्रिजच्या टेबलावर 52 पानं समोर आली तरी तो सुटत नाही. तिर्री, चव्वी, पंजी म्हणजे दुसऱ्याच्या एक्क्यावर टाकायची भरती, असंच वाटत राहतं. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये मात्र बोली पुरी होणार की बुडणार, हे पुष्कळदा लांब सूटमधली शेवटची दोन किरकोळ पानं ठरवतात. आणि ती चालवायची असतील तर एक हात आपणहून, घेता येत असतानाच, आणि डावाच्या सुरुवातीलाच सोडावा लागतो. या शेवटच्या अटीपाशी बहुतेकांचा हात अडखळतो, म्हणून ती अट नीट तपासायला हवी.

एक डाव मांडू. बोली तीन नो ट्रम्पची, म्हणजे तेरापैकी नऊ हात करायचे आणि हुकूम नाही. डमीकडे, म्हणजे टेबलावर उघड्या मांडलेल्या जोडीदाराच्या पानांत, चौकटचे एक्का, राजा, सत्ती, पंजी, दुर्री. बाकी तीन इस्पिक, तीन बदाम, दोन किलवर, त्यांत एकही चित्र नाही. डिक्लेअररकडे, म्हणजे बोली खेळणाऱ्याकडे, इस्पिकचे एक्का, राजा, चव्वी. बदामाचा एक्का आणि दोन बारकी पानं. चौकटची अठ्ठी, छक्की, तिर्री. किलवरचे एक्का, राजा, पंजी, चव्वी. विरुद्ध बाजूची उतारी इस्पिकची आहे. हुकमी हात मोजले तर इस्पिकचे दोन, बदामाचा एक, किलवरचे दोन, चौकटचे दोन, असे सात भरतात. दोन कमी पडतात, आणि ते चौकटशिवाय कुठून येणार नाहीत. नवखा डिक्लेअरर इस्पिक एक्क्याने घेतो, चौकटचे एक्का-राजा वाजवतो आणि तिसऱ्या फेरीला हात देतो. आता डमीची उरलेली दोन्ही चौकटं चालणारी आहेत, पण त्याच्या स्वतःकडे चौकट संपली आहे आणि डमीत जायला दुसरं एकही पान नाही. दोन हात डोळ्यांसमोर पडून राहतात, ते कधीच वसूल होत नाहीत. जाणता खेळाडू पहिल्याच फेरीला तिर्री टाकतो आणि डमीतूनही दुर्रीच खेळतो. तो हात नव्वीला किंवा दश्शीला जातो. परत इस्पिक येतं, ते राजाने घ्यायचं; मग छक्की टाकून डमीच्या एक्क्याने, पाठोपाठ राजाने. बाहेरची पाच चौकटं तीन-दोन अशी असतील तर ती आता संपली, आणि डमीत बसल्याबसल्याच सत्ती आणि पंजी चालतात. नऊ हात झाले. दोन्ही खेळांत विरुद्ध बाजूला चौकटचा एकच हात मिळाला. फरक फक्त तो कधी दिला याचा आहे.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: हातातला हुकमी हात सोडून उधारीवर का जायचं? उतारी त्यांच्याकडे गेली तर ते आपली लांब सूट वाजवून मोकळे होतील. भीती खरी आहे, पण तिचं उत्तर लवकर सोडण्यातच आहे. पहिल्या चौकटला हात दिला तेव्हा इस्पिकचा राजा, बदामाचा एक्का आणि किलवरचे दोघेही जागेवर होते. त्यांनी काहीही खेळलं तरी अडवायला पान होतं. तेच पहारेकरी आधी खर्च करून मग हात दिला, तर तो एकटा जात नाही, मागोमाग इस्पिक आणि बदामांची रांग जाते. शिवाय कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धतही याच बाजूने बोलते. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 मध्ये आखलेल्या पद्धतीचा गाभा हा, की गेमसाठी बोललेलेच हात धरले जातात. नो ट्रम्पमध्ये बोलीवरच्या जादा हाताला 30 गुण, तर गेम पुरा झाल्याचा बोनस डुप्लिकेटमध्ये 300 किंवा 500. नऊ बोललेल्या माणसाला चार हात द्यायची मुभाच आहे. ती मुभा वापरायची भीती कशाला?

दुसरा आक्षेप नशिबाचा: पानं तीन-दोन वाटली गेली नसतील तर? तर बोली बुडेल, हे कबूल. पण बाहेर पाच पानं असताना तीन-दोन वाटणी सुमारे 68 टक्के वेळा होते, चार-एक 28 टक्के आणि पाच-शून्य चार टक्के. आडाख्याने खेळण्यापेक्षा हे आकडे पाठ असणं बरं, कारण नुसती अक्कल इथे फसवते. बाहेर सहा पानं असली की मनाला तीन-तीन स्वाभाविक वाटतं. प्रत्यक्षात तसं 36 टक्क्यांच्या आतच होतं, आणि चार-दोन 48 टक्के वेळा. कारण मोजून पाहता येतं. सहा पानं दोघांत समान वाटायचे प्रकार 20 आहेत, पण चार-दोन या बाजूला 15 आणि त्या बाजूलाही 15, असे 30. प्रत्येकाकडे तेराच जागा असल्यामुळे समान वाटणीचं पारडं थोडं जड होतं, तरी चार-दोन पुढेच राहतं. म्हणून आठ पानांची सूट आणि सात पानांची सूट यांत एका पानापेक्षा बराच मोठा फरक आहे.

तिसरं म्हणणं गुणांच्या मोजणीचं, आणि मला ते सगळ्यांत जास्त दिशाभूल करणारं वाटतं. मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाणारी आणि चार्ल्स गोरेन यांनी घरोघरी पोचवलेली मोजणी एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक गुण देते. बोलीसाठी ती उपयोगीच आहे. पण वरच्या डावात डमीच्या सत्ती-पंजीला ती शून्य देते आणि हात मात्र दोन मिळतात. डमीकडे एक्का-राजासोबत एकच चौकट असती, तर दोन्ही बाजूंचे गुण तेच 25 भरले असते आणि चौकटचे हात दोनाच्या पुढे गेले नसते. पाचव्या पानाला एक गुण जादा धरायची पद्धत यासाठीच आहे. मला तोही थोडा कमी वाटतो, विशेषतः जेव्हा त्या सूटमध्ये वरची पानं असतात.

हे गणित समोरचेही जाणतात. डमीकडे राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी अशी देखणी सूट असेल आणि आत यायला दुसरी वाट नसेल, तर एक्का धरून बसलेला जाणता खेळाडू तो पहिल्या फेरीला टाकत नाही. डिक्लेअररचं त्या सूटमधलं शेवटचं पान पडेपर्यंत थांबतो. म्हणजे तोही घेता येणारा हात सोडतोच. आपल्या डावात तशी सोय त्यांना नव्हती. डमीची सत्ती टेबलावर पडते, दोघांकडे चौकट उरलेलं नाही, आणि प्रत्येकाला काहीतरी टाकायचं आहे. त्यानंतर पंजी येते, पुन्हा एकेक पान जातं. ज्याच्याकडे चार किलवर आहेत त्याला इस्पिकचं चालणारं पानही ठेवायचं आहे आणि बदामाची राणीही. त्याचा हात पत्त्यांवरून दोनदा फिरतो. त्याने किलवर टाकलं, तर डिक्लेअररकडची किलवरची पंजी आणि चव्वी पुन्हा मोजून पाहावी लागतात.