ऑर्डरमध्ये न लिहिलेल्या गोष्टी

मॉडेल विमानाच्या प्रोपेलरवर दोन आकडे असतात. १० x ६ म्हणजे व्यास १० इंच, आणि एका फेऱ्यात ६ इंच पुढे जाण्याइतका पात्यांचा पीळ. चीनमधल्या कारखान्याला पहिली ऑर्डर दिली तेव्हा मी हे दोन आकडे, रंग, नग आणि भाव एवढंच लिहिलं होतं. पुढे माझं जे नुकसान झालं, आणि दुसऱ्यांचं होता होता राहिलं, ते त्या एका पानामुळे.

कोरेगावात आमचा आल्याचा व्यापार. मॉडेल विमानांचा नाद मला कॉलेजपासूनचा. त्यातूनच सातारा-सांगलीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मोटरी, सर्व्हो, प्रॉप पुरवायला लागलो. ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुटे भाग मात्र खुले ठेवले. आता जुळवणी इथेच वाढणार, प्रॉप तर जमिनीला टेकला की मोडतो, मग आपल्या नावाचे प्रॉप का आणू नयेत, असा विचार केला. तो विचार मला आजही चुकीचा वाटत नाही.

नमुने फार चांगले आले. पातं बोटाने वाकवलं की वाकायचं आणि सोडलं की जागेवर यायचं. मी खुशीत ते सगळे उडवून संपवले. निदान एक सील करून कपाटात ठेवायला हवा होता आणि त्याचा जोडीदार कारखान्यात, म्हणजे पुढच्या मालाला कशाशी ताडायचं हे ठरलं असतं. शिवाय माल २२ जानेवारी २०२३ च्या चिनी नववर्षाआधी निघावा म्हणून घाई मीच लावली. त्या सुट्टीच्या आधी तिकडचे कामगार गावाकडे निघतात आणि कारखान्यांत उरलेलं काम उरकायची धावपळ असते. तपासणीला माणूस पाठवायचा खर्च मी वाचवला आणि उरलेले ७० टक्के पैसे फोटो बघून पाठवून दिले.

कागदांतही तेच. बिलावर मालाचं वर्णन काय टाकू, असं कारखान्याने विचारलं तेव्हा ‘खेळण्यातल्या विमानाचे भाग’ चालेल म्हणालो. खेळणं म्हटलं की कोणी फार चौकशी करणार नाही, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं बंधन आहे, आणि त्यांच्यावरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं होतं, ते २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर गेलं. माल न्हावाशेव्याला अडकला. कस्टम एजंटाने माहितीपत्रकं जोडून वर्णन दुरुस्त करून घेतलं, तोवर बंदरातलं विलंबशुल्क, म्हणजे डेमरेज, चढत राहिलं. ही चूक पैशांवर निभावली.

खोकी उघडली आणि बुंध्याजवळ, जिथे पातं मधल्या गोलाला मिळतं तिथे, चांदीसारख्या बारीक रेषा दिसल्या. सगळ्यांवर नाही, पण बऱ्याच नगांवर. भोसरीत मोल्डचं काम करणारे एक काका आहेत, मूळचे रहिमतपूरचे. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक प्रॉप दोन्ही हातांत धरून मोडला. तो वाकला नाही, खटकन तुटला. तुटलेली बाजू उजेडात धरून ते म्हणाले, “दाणा वाळवलाच नाही यांनी. ओला चालवलाय. तू काच किती टक्के मागितली होतीस?”

मी काहीच मागितलं नव्हतं. हे प्रॉप काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. नायलॉन हवेतली ओल ओढून घेतं. साच्यात भरण्याआधी त्याचा दाणा वाळवला नाही तर ओतताना त्या ओलीने प्लास्टिकची ताकदच जाते. गंमत अशी की तयार प्रॉपला थोडी ओल लागतेच, ती त्याला चिवट करते. काकांनी हे सगळं शांतपणे समजावलं आणि शेवटी म्हणाले, “हे विकू नकोस.”

दुसरी गोष्ट मला तेव्हा कळली. कॅलिफोर्नियातली एपीसी ही कंपनी आपल्या प्रत्येक जातीच्या प्रॉपला वेगाची मर्यादा देते. हळू उडणाऱ्या विमानांच्या जातीसाठी ६५,००० ला इंचातल्या व्यासाने भागायचं, इलेक्ट्रिक मोटरच्या पातळ जातीसाठी १,५०,००० ला. म्हणजे १० इंची प्रॉप एका जातीत मिनिटाला ६,५०० फेऱ्यांपर्यंत चालवायचा, दुसरीत १५,००० पर्यंत. दोन्हींवर छापलेले आकडे सारखेच असू शकतात. माझ्या ऑर्डरीत जात नव्हती, त्यामुळे कारखान्याने कमी प्लास्टिक लागणारी हलकी जात धरली. फेरे दुप्पट झाले की पातं बाहेर ओढणारं बल चौपट होतं, आणि १०,००० फेऱ्यांना १० इंची प्रॉपचं टोक ताशी सुमारे ४८० किलोमीटरने फिरत असतं. ही गणितं मला येत होती. मी ती मांडली नाहीत.

आल्याची खरेदी करताना गड्डा मोडून बघितल्याशिवाय मी पोत्याला हात लावत नाही. इथे तर मोडलेला प्रॉप समोर होता, तरीही मी विकले. स्पर्धेचा हंगाम होता, पैसे अडकले होते. रेषा नसलेले नग निवडले, चुंबकाच्या बॅलन्सरवर टांगून जड पात्याची पाठ पॉलिश पेपरने घासली आणि तोल साधून दिले. तोल साधल्याने ताकद येत नाही हे मला ठाऊक होतं. मुलांना सांगितलं, “थ्रॉटल जरा बेताने द्या.” कारण सांगितलं नाही. बाकी सगळ्याला अज्ञान म्हणता येईल, याला म्हणता येत नाही.

काही दिवसांनी एका कॉलेजच्या मुलाचा फोन आला. “दादा, पातं उडालं. लागलं नाही कोणाला.” मी लगेच गेलो. वर्कशॉपमध्ये मोटर टेबलाला बांधून ते जोर मोजत होते. पातं बुंध्याशी तुटून कपाटाच्या प्लायवुडच्या दारात रुतलं होतं. काट्यावरचं वजन वाचायला उभा असलेला मुलगा त्या दारापासून हातभर अंतरावर होता. त्याने ते पातं पक्कडीने उपटून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “आमचं काही चुकलं का?” तेव्हा मी त्यांना रेषांपासून सगळं सांगितलं.

माल परत घ्यायचा ठरवला तर प्रॉपवर लॉट नंबर नाही आणि रोखीने नेणाऱ्यांची नावं माझ्याकडे नाहीत. ज्यांचे फोन होते त्यांचे प्रॉप परत आले आणि मोडून टाकले. कारखान्याने म्हटलं, तुमच्या ऑर्डरप्रमाणेच माल आहे, आणि कागद बघता ते खोटं नव्हतं. साचा काढून दुसरीकडे न्यावा म्हटलं तर त्याचे पैसे माझे, पण मालकी कोणाची हे लिहिलेलं नाही. तो तिकडेच राहिला.

आता ऑर्डरीत जात, वेगाची मर्यादा, काचेचं प्रमाण, दाणा वाळवल्याची नोंद, एका नगाचं वजन, भोकाचं माप आणि लॉट नंबर असतो. प्रत्येक लॉटमधले काही नग मी जाळीच्या पिंजऱ्यात मर्यादेपलीकडे फिरवतो. भाव अर्थातच वाढला आणि गिऱ्हाईक कमी झालं.

पण त्या पहिल्या लॉटचे काही प्रॉप अजून कोणाकडे तरी पडून असतील. काळा रंग, १० x ६, लॉट नंबर नाही. बुंध्याजवळ रेषा असोत वा नसोत, तो मोटरला लावू नका. मधोमध मोडा आणि तुकडे माझ्याकडे पाठवा, पैसे परत देईन.