भिंतीवर वारली, ताटात पंजाबी

कामानिमित्त डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत माझे सतत फिरणे असते. दुपारच्या वेळी जिथे असू तिथे जेवायचे, हा फिरस्त्या कार्यकर्त्यांचा नियम. त्यामुळे डहाणू रोड स्टेशनच्या आसपास, बोर्डी-घोलवडच्या रस्त्यावर, चारोटीपासून अच्छाडपर्यंतच्या हायवेवर आणि तलासरी नाक्यावर बऱ्याच ठिकाणी जेवून झाले आहे. कुठे काय चांगले मिळते ते पुढे सांगतेच. पण या सगळ्या जेवणांतून एक प्रश्न माझ्या मनात पक्का झाला आहे आणि तो आपल्या चळवळीतल्या तरुणांसमोर ठेवायचा आहे. तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे जवळजवळ नऊ आदिवासी आहेत. डहाणूतही बहुसंख्या त्यांचीच. मग इथल्या हॉटेलांत आदिवासींचे जेवण का मिळत नाही?

आधी काय मिळते ते पाहू. डहाणू रोड स्टेशनबाहेर वडापाव, मिसळ, इडली-डोसा आणि सकाळी फाफडा-जिलेबी. गुजरातची हद्द जवळ असल्याने खमण आणि शेव-उसळही इथलीच वाटते. घोलवड-बोर्डीकडे गेलात की चिकूच्या वाड्या सुरू होतात. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या वाड्यांमधल्या पारशी-इराणी कुटुंबांमुळे या पट्ट्यात धनसाक, अकुरी, पात्रानी मच्छी असे पदार्थ खायला मिळतात, आणि ते खरोखर उत्तम असतात. किनाऱ्यावर पापलेट, सुरमई, ओले बोंबील. हायवेवर मात्र चित्र एकदम बदलते. तिथे मोठमोठ्या पाट्या लागतात: प्युअर व्हेज, काठियावाडी, पंजाबी, चायनीज, जैन फूड मिळेल.

या मातीत पिकलेल्या आणि न पिकलेल्या सगळ्या चवी इथे हजर आहेत. पंजाबातून आलेले पनीर आहे, चीनच्या नावावर खपणारे नूडल्स आहेत. फक्त ज्यांच्या गावातून हा हायवे जातो त्यांची भाकरी नाही.

गंमत अशी की आदिवासी या हॉटेलांतून अगदीच गायब नाही. तो भिंतीवर आहे. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांत तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती गोल नाच, ताडाचे झाड, बैल. डहाणू तालुक्यातल्याच जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र नसलेले हॉटेल या रस्त्यावर शोधावे लागेल. चित्रातली बाई भात कांडते, चित्रातला माणूस मासे धरतो. ते शिजवून ते खातात काय, हे मात्र मेनूकार्डाला ठाऊक नसते. आदिवासी स्वयंपाकघरातही आहे. भांडी घासणारा, कांदा चिरणारा, टेबल पुसणारा पोरगा बहुतेक वेळा जवळच्याच पाड्यावरचा असतो. एका धाब्यावर अशाच एका मुलाला मी विचारले, “तुझ्या घरी आज काय केलंय?” तो हसला, इकडेतिकडे बघितले आणि हळू आवाजात म्हणाला, “चिंबोऱ्या.” आवाज हळू करावा लागला, यातच सगळे आले.

आता न मिळणाऱ्या ताटाबद्दल. तांदळाची किंवा नागलीची भाकरी. उडदाची डाळ. खुरासणीची चटणी. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं. ती घशाला खाजू नयेत म्हणून काकडाची आंबट फळे घालून शिजवतात. पुढे टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. ओढ्यात-शेतात मिळणाऱ्या चिंबोऱ्या आणि बारीक मासे. आणि वर्षभर साथ देणारी सुकी मासळी. किनाऱ्यावरचे बोंबील बांबूच्या मांडवांवर वाळतात, सुकट वाळते, आणि आठवडी बाजारातून ते डोंगराकडच्या पाड्यांवर पोचते. कोळीण आणि वारलीण यांच्यातला हा व्यवहार हायवेपेक्षा कितीतरी जुना आहे. शेवळं कुठल्या जागी उगवतात, कुठला कंद किती पाण्यात उकळला की त्याचा कडूपणा जातो, हे ज्ञान पिढ्यांनी कमावलेले आहे. ते कुठल्याही हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवत नाहीत.

हे ताट हॉटेलात का येत नाही, याचे उत्तर मला एकदा हायवेवरच्या एका हॉटेलात मिळाले. एका प्रशिक्षणाहून आम्ही सहा-सात जणी परतत होतो. दोघींनी घरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती. आम्ही चहा, भजी, थाळ्या मागवल्या आणि एकीने डबा उघडला. दोन मिनिटांत मॅनेजर आला. “बाहेरचं खायला परवानगी नाही” एवढेच तो म्हणाला असता तर नियम म्हणून ऐकले असते. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब घरचे ठेपले खात होते, त्यांना कोणी काही म्हटले नव्हते. मी ते दाखवले. तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, ते वेगळं. याचा वास येतो. बाकीचे कस्टमर उठून जातील.” डबा उघडणारी बाई पन्नाशीची. तिने काही न बोलता झाकण लावले. आम्ही मागवलेल्या थाळ्या रद्द करून उठलो. पैसे फक्त चहा-भज्यांचे दिले.

वास हा शब्द नीट समजून घ्या. आज कोणी ‘तुमच्या हातचे चालत नाही’ असे म्हणत नाही. तसे म्हणणे गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून भाषा बदलली. आता माणूस चालतो, त्याचे अन्न चालत नाही. विटाळ माणसावरून उचलून डब्यावर ठेवला आहे. हेच ‘वास’ भाड्याने घर देताना ऐकू येते, वसतिगृहाच्या मेसमध्ये ऐकू येते, ऑफिसच्या डब्यांतही ऐकू येते.

बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला राहायला एकही हॉटेल मिळाले नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी खानावळीत राहिले. जात कळली आणि लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले आहे. बडोद्याहून मुंबईला येणारी रेल्वे याच डहाणूवरून जाते. त्या अनुभवातून गेलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखालील समितीने जो मसुदा केला, त्या संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख आहे, हा योगायोग नाही. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, हॉटेलात प्रवेश नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. दार उघडले ते असे, लढून.

आदिवासींचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे, तो आपल्या चौकटीत कोंबू नये. इथला मुख्य जाच वेठबिगारीचा होता. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि वेठ बंद करण्याचा, दिवसाला १२ आणे मजुरी मागण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. महाड आणि झरी या दोन वेगळ्या लढाया आहेत. पण दोन्हींनी दार उघडल्यावर पुढचा प्रश्न एकच उरतो. आत जाऊन पैसे देऊन दुसऱ्याचे अन्न खाण्याचा हक्क मिळाला. आपले अन्न मानाने विकण्याचा हक्क कुठे आहे? गिऱ्हाईक म्हणून समानता मिळाली, पण गल्ल्यावर कोण बसतो?

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकते.

पहिला, “मागणी नाही.” तलासरी नाक्यापासून थोडे आत एक बाई पत्र्याच्या शेडखाली जेवण देतात. तांदळाची भाकरी, उडदाची डाळ, कधी सुकट तर कधी मासा, ताट ८० रुपयांना. बारा वाजता सुरू होते, अडीच-तीनला संपते. रिक्षावाले, कामगार, कचेरीत दाखले काढायला आलेली माणसे आणि त्याच कचेरीतले कारकून, सगळे एका बाकावर बसतात. या दोन तालुक्यांतले मी खाल्लेले सर्वांत चांगले जेवण हेच. मी म्हटले, “मावशी, एक पाटी तरी लावा.” त्या म्हणाल्या, “पाटी लावली का जागावाला भाडं वाढवंल, ताई.” मागणी आहे. नाही ती जागा, भांडवल आणि नाक्यावर पाय रोवून उभे राहण्याची ताकद.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे आणि तो गंभीर आहे. “गरिबीतले खाणे कशाला मिरवायचे? आपण त्यातून बाहेर पडायला शिकलो.” याच जिल्ह्यातल्या जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालकांचे मृत्यू झाले, ते सारा महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यामुळे ‘निसर्गाच्या कुशीतला सात्त्विक आदिवासी आहार’ अशी कौतुके करणाऱ्या रिसॉर्टवाल्यांपासून सावध राहिलेच पाहिजे. उपासमारीचे गाणे करायचे नाही. पण सक्तीने खावे लागलेले अन्न आणि हुशारीने घडवलेले अन्न यांत फरक आहे, आणि तो फरक ते अन्न खाणाऱ्या समाजानेच सांगायचा आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाबद्दल हेच केले. लाज न बाळगता आणि गोडवेही न गाता लिहिले. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले. वारली, कोकणा, कातकरी घरांतल्या मुलामुलींनी आपल्या चुलीबद्दल असे लिहायला हवे. आपण त्यांच्या वतीने लिहू नये.

तिसरा आक्षेप: “आदिवासींनी स्वतःच मांस-मासे सोडायच्या शपथा घेतल्या होत्या.” खरे आहे. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमधून निघालेली देवीची चळवळ १९२२ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरली. दारू सोडा, मांस-मासे सोडा, अशा आज्ञा अंगात आलेल्या देवीने दिल्या. पण डेव्हिड हार्डिमन यांनी दाखवले आहे की त्यात दारूविक्रेत्या सावकारांच्या धंद्यावर घातलेला बहिष्कारही होता. आपले नाक दाबणाऱ्याचा हात झटकण्यासाठी लोकांनी स्वतः घेतलेला तो निर्णय होता. मॅनेजरने डबा बंद करायला लावणे आणि लोकांनी स्वतःहून एखादी गोष्ट सोडणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येणार नाहीत.

आता आपल्याकडे वळू. १४ एप्रिलला, धम्मदीक्षेच्या कार्यक्रमांना, शिबिरांना आपण जेवणाचा ठेका कोणाला देतो? बहुतेक ठिकाणी शहरातल्या केटररला. मेनू ठरलेला: पुरी, पनीर, जिरा राईस, गुलाबजाम. ‘सगळ्यांना चालेल’ असे म्हणताना ‘सगळे’ म्हणजे कोण, हे आपण विचारत नाही. ज्यांना वास येतो त्यांच्या नाकाला धरून आपला मेनू ठरत असेल, तर व्यासपीठावरून मनुस्मृतीविरुद्ध केलेले भाषण मांडवाच्या मागच्या बाजूला, भटारखान्यात पराभूत होते.

‘जातिनिर्मूलन’ मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले आहे की नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही. म्हणून पाड्यावर जाऊन एक दिवस भाकरी खाल्ली आणि फोटो टाकला, याला मी काम म्हणत नाही. काम व्यवहारात आहे. जेवणाचा ठेका पाड्यावरच्या बचत गटाला द्या, ठरलेला दर द्या, आगाऊ रक्कम द्या. खाद्यविक्रेत्याची नोंदणी, बँकेचे कागद यांत मदत करा, एवढे आपल्याला येते.

आणि कायद्याचा उपयोग करा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजारांच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला दिला आहे. डहाणू शहरात नगरपरिषद आणि तलासरीत नगरपंचायत असल्याने तिथे हा मार्ग थेट चालत नाही, तिथे गाळ्यांसाठी वेगळी मागणी लावावी लागेल. पण बाकीच्या गावांत, हायवेलगतच्या ग्रामपंचायतींत, बाजाराच्या जागेवर स्थानिक आदिवासी बायांना शिजवलेल्या अन्नाचे ठेले मिळावेत, असा ठराव ग्रामसभा करू शकते. ग्रामसभेत तो विषय लेखी मांडणारे दोन-चार तरुण हवेत. संविधानाची उद्देशिका पाठ असलेल्या आपल्या मुलांनी पेसाचे कलम ४ही एकदा वाचावे.

तलासरीच्या त्या मावशींना स्वतःच्या नावाची पाटी लावताना भाड्याची भीती वाटू नये, एवढी साधी ही मागणी आहे. येत्या १४ एप्रिलच्या जेवणाचा ठेका कोणाला द्यायचा, हे तुमच्या गावातली जयंती समिती आता ठरवत असेल. त्या बैठकीला जा आणि हा विषय काढा.

जय भीम, जय जोहार.