बिनतारखेची कात्रणे

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक संस्कृत शिलालेख आहे. फारुकी घराण्यातील आदिलशहाने मशीद उभारली तेव्हा अरबी लेखासोबत तोही कोरविला. त्यात राजवंशाची नामावळी आहे, आरंभी ईश्वरस्तवन आहे. परंतु आम्हांस त्याचे अप्रूप वाटते ते त्यातील कालनिर्देशासाठी. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष मास, शुक्ल पक्ष, दशमीच्या काही घटिका सरल्यावर लागणारी एकादशी, सोमवार, कृत्तिका नक्षत्र! एवढी अंगे एकत्र आली म्हणजे कोरणाऱ्याच्या हातून एखादे चुकले तरी दुसरे ते पकडून देते. गणित करून पाहावे तो सर्व अंगे जुळतात, आणि ५ जानेवारी १५९० हा दिवस निःसंशय हाती लागतो.

मुसलमान राजाच्या मशिदीवर जी दक्षता पाथरवटाने घेतली, ती आमच्या छापखान्यांनी व त्याहून अधिक आमच्या कात्रणे कापणाऱ्या हौशी मंडळींनी घेतली असती, तर आमचे गेले वर्ष सुखात गेले असते.

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्टेशन ज्या लालबाग भागात आहे तेथील मराठी मंडळींच्या एका देवळाच्या दप्तरातून कात्रणांचे तीन गठ्ठे निघाले. उत्सवांची वृत्ते, कीर्तनांवरील टिपणे, क्षेत्रवर्णने, वादाची पत्रे, असा दोनशेंवर लेखांचा ऐवज. अभ्यासकांना घरबसल्या वाचता यावा म्हणून तो महाजालावर ठेवावा, असे विश्वस्तांनी ठरविले. छायाचित्रे घेण्याचे काम मुलांनी आठवड्यात उरकले. सूची करण्याचे काम वकील म्हणून आमच्याकडे आले. तारखेवाचून वकिलाचे पान हलत नाही, हे सर्वांस ठाऊक. आणि पाहतो तो निम्म्याहून अधिक कात्रणांवर ना पत्राचे नाव, ना तारीख. कापणाऱ्याने मजकुराच्या कडेने इतकी सुबक कात्री चालविली होती की पानाच्या माथ्यावरचे सर्व काही केराच्या टोपलीत गेले.

तारीख नाही तर नाही, लेख तर आहे ना, असे एका तरुण मित्राने आम्हांस विचारले. माणसाच्या बाबतीत हे चालले असते. यंत्राच्या बाबतीत चालत नाही. तारखेचा रकाना रिकामा सोडला तर संगणक कधी त्या जागी छायाचित्र घेतल्याचा दिवस घालतो, तर कधी १ जानेवारी १९७०, कारण पुष्कळ संगणकांची कालगणना त्या दिवसापासून सुरू होते. आमच्या पहिल्या मसुद्यात सतरा लेखांवर ही १९७० ची तारीख आपोआप चढून बसली होती. कोणी विद्यार्थी उद्या त्यावरून लिहील की १९७० च्या पहिल्याच दिवशी लालबागच्या देवळाविषयी सतरा लेख प्रसिद्ध झाले. आणि एकदा छापले गेले की ते खोडून काढणे देवासही कठीण.

म्हणून आम्ही कात्रणे उलटी करून वाचावयास बसलो. मजकूर पुढच्या बाजूस असतो. साक्षीदार बहुधा मागच्या बाजूस बसलेला असतो. तेथे अर्धी जाहिरात सापडते, साबणाची किंमत सापडते, कापसाचा भाव सापडतो. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. 'नये पैसे' असा शब्द असेल तर त्या दिवसानंतरची, आणि १ जून १९६४ रोजी 'नये' हे विशेषण गळाले, तेव्हा साधारणतः त्याआधीची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. गोव्याहून आलेल्या कात्रणात एस्कुदो दिसला तर १९५९ ते १९६१ ही वर्षे प्रथम तपासावी. मजकुराच्या लेखनावरूनही थोडे कळते. 'नाहीं', 'केलें', 'घरांत' असे अनुस्वार भरगच्च असतील तर मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची छपाई असा कल होतो. कल एवढ्याचसाठी म्हणतो, की जुन्या वळणाच्या कित्येक संपादकांनी ते अनुस्वार पुढेही वर्षानुवर्षे सोडले नाहीत. शिंप्याच्या मापावरून माणसाचे वय सांगावे, तसा हा पुरावा.

तिथीचा पुरावा याहून बळकट. परंतु बुऱ्हाणपुरात तो हाताळणे म्हणजे सुळावरची पोळी. हे गाव दक्षिणेच्या दारात आणि उत्तरेच्या उंबऱ्यावर वसलेले. मराठी माणूस शके लिहितो आणि महिना अमावास्येस संपवितो. हिंदी शेजारी संवत लिहितो आणि महिना पौर्णिमेस संपवितो. गुजराती व्यापाऱ्याचा संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो. आमची फाल्गुन वद्य तृतीया ती शेजाऱ्याची चैत्र कृष्ण तृतीया. फसली सनाचीही तीच गत. दक्षिणेकडील फसलीत ५९० मिळवावे, उत्तरेकडील फसलीत ५९२ किंवा ५९३. संवत्सराचे नावसुद्धा एक नाही. शके १९४७ आमच्याकडे विश्वावसु, उत्तरेत सिद्धार्थी. तेव्हा कागद वाचण्याआधी तो कोणाच्या हातचा, हे पाहावे लागते.

इंग्रजी तारीख तरी एकच असते, अशी कोणाची समजूत असेल तर तीही सोडावी. पोप ग्रेगरीची सुधारलेली गणना पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच स्वीकारली, इंग्रजांनी १७५२ पर्यंत नाकारली. म्हणून सतराव्या शतकात गोव्याच्या पत्रावरील तारीख सुरतेच्या वखारीतील त्याच दिवसाच्या तारखेहून दहा दिवस पुढे असे. या घोळाचे एक उदाहरण तर आपल्या पाठ्यपुस्तकांत निवांत पहुडलेले आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, असा जेधे शकावलीने दिला. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रकाशात आणली. तिची इंग्रजी तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० मानतो, ती जुन्या गणनेची. नव्या गणनेने तो दिवस १ मार्च. मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली ती १७ जिल्काद १०४० रोजी. तिची तारीख सर्वत्र १७ जून १६३१ छापतात, ती मात्र नव्या गणनेची. दोन तारखा शेजारी ठेवून कोणी वजाबाकी केली तर ४८३ दिवस येतील. प्रत्यक्षात मध्ये ४७३ दिवस गेले. दोन्ही तारखा बरोबर, आणि उत्तर चूक!

आमच्या गठ्ठ्यातील एक पत्र मात्र पंचांगाने अक्षरशः हातात आणून ठेवले. देवळातील त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव कोणत्या कार्तिकात करावा, अधिकात की निजात, असा त्यात वाद होता; आणि लेखकाने तावातावाने म्हटले होते की यंदा पुढे क्षयमासही आहे, तेव्हा घाई करू नये. क्षयमास म्हणजे वाटेवरचा आंबा नव्हे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तो दोनदाच आला, शके १८८५ मध्ये आणि शके १९०४ मध्ये. त्यांपैकी शके १८८५ मध्ये कार्तिक अधिक होता. पाठीमागे किंमत नव्या पैशांत होती. १९६३ चा शरद ऋतू ठरला, महिनासुद्धा ठरल्यासारखाच. असा दिवस सूचिकाराच्या वाट्याला क्वचित येतो. त्या दिवशी आम्ही घरी पेढे नेले.

दुसऱ्या एका कात्रणाने मात्र आमची झोप उडविली. 'काकडआरती' असे त्याचे शीर्षक, खाली सही 'एक भगिनी'. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन देवळाकडे निघालेल्या बायका, गिरणीचा भोंगा, गाभाऱ्यातील ओल्या फुलांचा वास, हे सर्व दीड स्तंभात इतके नेटके उतरले आहे की लिहिणारीचा हात सरावाचा असावा. देवळाच्या मंडळीत आप्पा म्हणून नव्वदीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे, हा लेख आपल्या आईचा. ती लिहीत असे, घरातल्यांना दाखवीत नसे. तिचे एकही हस्ताक्षर आज उरलेले नाही. ती १९५५ मध्ये गेली.

आम्ही कात्रण उलटे केले. मागे केशतेलाची जाहिरात, बाटलीची किंमत नव्या पैशांत. म्हणजे छपाई १ एप्रिल १९५७ नंतरची. आई जाऊन सव्वा वर्ष तरी झालेले. आप्पांनी तो आकडा पाहिला आणि काही बोलले नाहीत.

विश्वस्तांपैकी एकाने आम्हांस बाजूला घेऊन म्हटले, "वकीलसाहेब, मागची बाजू महाजालावर कशाला चढवायची? आप्पांचे वय पाहा." सूचना दयाळूपणाची होती. तरी आम्ही ती मानली नाही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला तर तो खरा मानण्याची मुभा कायदा न्यायालयास देतो; १८७२ च्या कायद्यात ते नव्वदावे कलम होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ब्याण्णवावे आहे. ती मुभा ताब्यावरील विश्वासाची आहे. ताबेदारच जर कागदाची एक बाजू झाकू लागला, तर उरलेल्या दोनशे कागदांवर कोणी का विश्वास ठेवावा?

मग लेख पुन्हा वाचला, या वेळी साहित्य म्हणून नव्हे, जबानी म्हणून. शेवटाकडे एक वाक्य होते, प्रथम वाचताना सहज निसटलेले. देवळाच्या वाटेवर दिवे लागावेत म्हणून अर्ज नागपुरास गेला आहे, उत्तर यावयाचे आहे, अशा अर्थाचे. नागपूर! मध्यप्रदेशाची राजधानी नागपुरास होती ती ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत. दुसऱ्या दिवशी राज्याची पुनर्रचना झाली, निमाड भोपाळकडे पाहू लागला. त्यानंतर लालबागची कोणती बाई दिव्यांचा अर्ज नागपुरास धाडून उत्तराची वाट पाहील? तेव्हा लेखन १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचे आणि मुद्रण १ एप्रिल १९५७ च्या नंतरचे, असे धरणे प्राप्त आहे. मधले निदान पाच महिने हा लेख कोठेतरी पडून होता, कदाचित पाच वर्षेही. संपादकाच्या फडताळात असेल, कोणा मैत्रिणीकडे असेल, किंवा आधी एकदा छापून पुन्हा छापला असेल.

यावरून तो आप्पांच्या आईचा ठरतो काय? नाही. तो तिचा असू शकतो, एवढेच ठरते. सूचीत आम्ही एका तारखेच्या रकान्याचे दोन रकाने केले आणि लिहिले: लेखन, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी, अंतर्गत उल्लेखावरून, मुद्रण, १ एप्रिल १९५७ नंतर, बहुधा १ जून १९६४ पूर्वी, पाठीमागील जाहिरातीवरून, लेखिका, अनिर्णीत, कुटुंबाचे मत नोंदविले आहे. संगणकाचे जाणकार मुलगे या लांबलचक नोंदीवर थोडे कुरकुरले. त्यांना आकडा हवा होता. आम्ही आरंभीचे वर्ष व शेवटचे वर्ष असे दोन आकडे दिले, आणि त्यापुढे 'अदमासे' हा शब्द गाळू नये अशी ताकीद दिली.

नोंद आप्पांना वाचून दाखविली. त्यांनी 'अनिर्णीत' या शब्दाशी थांबवून तो पुन्हा वाचावयास सांगितला. नंतर म्हणाले, "दिव्यांच्या अर्जाचे मला आठवते. मुसळधार पावसात आईचा पाय त्याच वाटेवर मुरगळला होता." ही आठवण आम्ही दिनांकासह वेगळ्या कागदावर लिहून घेतली, त्यावर त्यांची सही घेतली, आणि नोंदीच्या शेवटी तिचा क्रमांक दिला. स्मरणास पुराव्याचे वजन किती, हे पुढचा अभ्यासक ठरवील.

त्यांनी कात्रणाची प्रत मागितली. कोणती बाजू देऊ, असे मुलाने विचारले. आप्पा म्हणाले, "दोन्ही दे." तिसऱ्या गठ्ठ्यातील एकसष्ट कात्रणे अजून उलटावयाची आहेत.