कुजबुजखात्याचा कारभारी

मंडळी, आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला चाळिशीनंतर दोन नाद हमखास लागतात. एक आपल्या इतिहासाचा आणि दुसरा मुलांच्या पुस्तकांचा. पहिला लागतो कारण देशात असताना तो इतिहास फक्त परीक्षेपुरता वाचलेला असतो. दुसरा लागतो कारण मुलं सतरा वर्षांची झाली की जेवणाच्या टेबलावर 'हो', 'नाही' आणि 'वायफाय गेलंय' एवढंच बोलतात. बोलायला काहीतरी समान विषय हवा ना! मला हे दोन्ही नाद एकदमच लागले, आणि त्यांची अशी काही गुंतागुंत झाली की ती इथे सोडवल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

माझी नोकरी तेलाच्या क्षेत्रावर. दोन आठवडे आत वाळवंटातल्या कॅम्पवर, मग मस्कतला घरी. कॅम्पवर रात्री आठनंतर करायला काही नसतं. बाहेर काळोख, आत एसीची घरघर. त्या घरघरीत मी चिरंजीवांच्या कपाटातून आणलेले जॉर्ज मार्टिनचे पाच ठोकळे वाचून काढले. पहिला 1996 चा, पाचवा 2011 चा, आणि सहावा हे लिहितोय तोवर तरी आलेला नाही. ज्यांनी मालिका पाहिली आहे त्यांना 'गेम ऑफ थ्रोन्स' म्हटलं की कळेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सात राज्यांचं एक सिंहासन, त्यासाठी भांडणारी घराणी, मधूनमधून ड्रॅगन. म्हणजे ड्रॅगन वगळले तर आपली उत्तर पेशवाईच.

या कथेत व्हॅरिस नावाचा एक गृहस्थ आहे. टक्कल, पावडर, अत्तर, पायात मऊ सपाता, आवाज लाघवी. राजदरबारात त्याचं पद आहे कुजबुजींचा प्रमुख. मी त्याला कुजबुजखात्याचा कारभारी म्हणतो. लोक त्याला कोळी म्हणतात (मासे धरणारा नव्हे, जाळं विणणारा). त्याची 'छोटी पाखरं' म्हणजे लहान मुलं भिंतींच्या पोकळीतून सरपटत सगळ्यांच्या गोष्टी ऐकतात. व्हॅरिस एकामागून एक राजांची चाकरी करतो आणि प्रत्येकाच्या पाठीमागे काहीतरी शिजवतो. तुला हवंय तरी काय असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: राज्याचं भलं, रयतेचं भलं.

चिरंजीवांनी मला कोडं घातलं ते हेच. "बाबा, व्हॅरिस खरं बोलतो की खोटं?"

आता मी पडलो इन्स्ट्रुमेंटेशनवाला. आमच्या धंद्यात पाइपच्या आत काय चाललंय ते डोळ्यांनी कधीच दिसत नाही. बाहेर बसवलेला ट्रान्समीटर आकडा सांगतो, त्यावरून आतलं ओळखायचं. एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या वाटेने पडताळायचा. व्हॅरिसच्या डोक्यात शिरायची सोय मार्टिनसाहेबांनी ठेवलेलीच नाही. त्यांच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरण कोणा एकाच्या नजरेतून येतं, पण व्हॅरिसच्या नजरेतून एकही प्रकरण नाही. तेव्हा तो काय म्हणतो ते बाजूला ठेवायचं आणि त्याने काय केलं ते बघायचं.

त्याने काय केलं? राजवंशाची कत्तल झाली तेव्हा म्हणे पाळण्यातला राजपुत्र एगॉन त्याने गुपचूप बाहेर काढला आणि त्याच्या जागी एका चांभाराचं तान्हं पोर ठेवलं. मारेकऱ्यांनी मारलं ते ते पोर. खरा राजपुत्र समुद्रापलीकडे एका होडीवर वाढला. हे 'म्हणे' फार महत्त्वाचं आहे. साक्षीदार कोण? व्हॅरिस आणि त्याचा मित्र, बस्स. म्हणून निम्मे वाचक म्हणतात की हा एगॉन मुळात राजपुत्र नाहीच, दुसऱ्याच एका पदच्युत शाखेचा अंकुर आहे, आणि 'राज्याचं भलं' ही सगळी झूल आहे.

हे वाचताना मी कॅम्पच्या खाटेवर ताडकन उठून बसलो. अहो, ही तर पुरंदरची गोष्ट!

आठवतंय का बघा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. काका राघोबादादा गादीवर आले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस वगैरे कारभाऱ्यांनी बारभाईंचं कारस्थान रचलं आणि तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं. 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तोच सवाई माधवराव. राघोबांच्या गोटातून लगेच कुजबूज सुरू झाली की हे मूल खरं नव्हेच. गडावर म्हणे आणखीही गरोदर बायका नेऊन ठेवल्या होत्या, मुलगी झालीच तर बदलायला मुलगा असावा म्हणून. ग्रँट डफच्या इतिहासातही ही गोष्ट नोंदलेली आहे. चांभाराचं पोर आणि पुरंदरावरच्या बायका, फरक तो काय?

गंमत पुढेच आहे. त्याच सुमारास नानांना दुसऱ्या एका 'खऱ्या वारसाशी' लढावं लागत होतं. पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं सांगणारा एक माणूस रत्नागिरीच्या बाजूला कैदेत होता. तो 1776 साली सुटला, कोकणात त्याने फौज जमवली, किल्ले घेतले. वर्ष संपायच्या आत पकडून त्याला पुण्यात देहांत शासन दिलं गेलं. या प्रकरणाने आपल्या बोलण्यात 'तोतया' हा शब्द कायमचा पक्का केला. म्हणजे एका हाताने तोतया मारायचा आणि दुसऱ्या हाताने, शत्रूच्या मते, तोतया गादीवर बसवायचा! व्हॅरिस राजाच्या एका कारभाऱ्याला कोडं घालत नाही का, की सत्ता असते कुठे? तर लोक ती जिथे आहे असं मानतात तिथे. नानांना हे पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

नाना मूळचे फडणीस, म्हणजे हिशेबनीस. तलवार हातात धरून लढणारे ते नव्हेत, म्हणून पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत ते अर्धे. पण बातमी हे त्यांचं हत्यार. दिल्लीला हिंगणे वकील, निजामाकडे गोविंदराव काळे, अशा ठिकठिकाणच्या माणसांकडून पत्रांचा ओघ पुण्याकडे सुरू असायचा. पुण्यात कोणाच्या घरी रात्री काय शिजलं ते नानांना सकाळी कळायचं अशी दंतकथाच झाली. व्हॅरिसची पाखरं, नानांचे जासूद.

मग नानांचे खरे हेतू काय? याची दोन तयार उत्तरं आपल्याकडे आहेत. एक शाळेतलं: मुत्सद्दी, राज्य तारणारा. दुसरं रंगभूमीवरचं: तेंडुलकरांच्या 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मधला, मोहन आगाशेंनी रंगवलेला नाना. नानांनी स्वतः आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. त्यात आपल्या वासनांबद्दल आणि भक्तीबद्दल त्यांनी इतकं मोकळेपणाने लिहिलं आहे की वाचताना आपणच अवघडतो. पण ते पानिपतातून जीव वाचवून परतण्याच्या सुमारास थांबतं. तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे. पुढे जी जवळजवळ चाळीस वर्षं राजकारण केलं, त्यांबद्दल आतल्या आवाजात एक ओळ नाही. मार्टिनसाहेबांनी व्हॅरिसला प्रकरण दिलं नाही, नानांनी स्वतःलाच दिलं नाही.

तेव्हा पुन्हा ट्रान्समीटरकडे. मी आणि चिरंजीवांनी मिळून (हो, आता जेवणाच्या टेबलावर बोलणं सुरू झालं होतं!) एक चाचणी ठरवली. कारस्थान करणाऱ्याचा हेतू ओळखायचा असेल तर त्याने गादीवर बसवलेल्या पोराला कसं वाढवलं ते बघा.

इथे व्हॅरिस पुढे गेला. त्याच्या एगॉनला भाषा शिकवल्या, तलवार शिकवली, शिवाय मासे धरायला, रांधायला, जखम बांधायला आणि कपडे धुवायलाही. उपाशी राहणं म्हणजे काय तेही. राज्य करणं हा हक्क नसून कर्तव्य आहे हे पोराच्या अंगात मुरावं म्हणून. चिरंजीव खूश. "बघा बाबा! फक्त सत्ता हवी असती तर बाहुला नसता का वाढवला?"

"थांब," म्हटलं. "पाचव्या भागाच्या शेवटी त्याने कोणाला मारलं?"

चिरंजीव गप्प. तिथे व्हॅरिस केव्हन लॅनिस्टर नावाच्या कारभाऱ्याचा जीव घेतो. का? तो माणूस वाईट होता म्हणून नव्हे. चांगला होता म्हणून! मोडलेला कारभार तो नीट सांधत होता, आणि राज्य सावरलं असतं तर एगॉनची गरज कोणाला उरली असती? शेवटचे वार करतात ती पाखरंच, म्हणजे मुलंच. ज्याला रयतेचं भलं हवं आहे तो रयत सावरणाऱ्याला मारत नाही. ज्याला आपल्याच हातून आणि आपल्याच योजनेप्रमाणे झालेलं भलं हवं असतं, तो मारतो. व्हॅरिस खोटं बोलत नाही असं माझं मत. त्याला भलंच करायचंय. फक्त त्याच्या आराखड्याबाहेरचं भलं त्याला चालत नाही.

आता हीच चाचणी नानांना लावू. सवाई माधवरावाची हौसमौज झाली, पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता, हरणं, वाघ वगैरे. जेम्स वेल्सने 1792 च्या सुमारास काढलेलं चित्र आहे, तरुण पेशवा आणि शेजारी नाना. पण कारभार मात्र शेवटपर्यंत नानांच्या मुठीत. राघोबांचा मुलगा बाजीराव तेव्हा शिवनेरीवर नजरकैदेत होता. त्याच्याशी माधवरावाची चोरून निरोपानिरोपी सुरू झाली. चुलत काकाशी बोलावंसं वाटलं, एवढंच. नानांच्या जाळ्याला ते कळलं. निरोप पोचवणाऱ्याला कैद झाली आणि खुद्द पेशव्याला बोल खावे लागले. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला होता, नानांच्या यशाचा तो कळस. त्याच ऑक्टोबरात माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडला आणि 27 तारखेला गेला. तापाच्या भ्रमात पडला की स्वतः उडी घेतली यावर इतिहासकार अजून भांडतात. वय एकवीस.

ज्या पोराच्या जिवासाठी सगळं कारस्थान रचलं, ते पोर शेवटी त्याच जाळ्यात घुसमटलं. आणि हेतू? मला विचाराल तर चांगलेच होते. नाना 13 मार्च 1800 ला गेले तेव्हा पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटनेही मान्य केलं की मराठी राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं. पावणेतीन वर्षांत वसईचा तह झाला, 1818 मध्ये सगळंच संपलं. पण याचा दुसरा अर्थ बघा. एका माणसाबरोबर राज्यातलं सगळं शहाणपण जातं, याचा अर्थ त्याने ते कोणाच्या हाती दिलंच नव्हतं.

ओमानमध्ये राहून मी याच्या उलट एक गोष्ट पाहिली आहे. सुलतान काबूस 1970 पासून गादीवर. मूलबाळ नाही, युवराज नेमलेला नाही. नियम असा, की राजघराण्याने तीन दिवसांत वारस निवडावा, नाही जमलं तर सुलतानांनी लिहून ठेवलेला बंद लिफाफा उघडावा. वर्षानुवर्षं आम्ही परदेशी लोक चहाच्या टपऱ्यांवर तीन चुलतभावांची नावं घेऊन पैजा लावायचो. 11 जानेवारी 2020 ला पहाटे सुलतान गेल्याची बातमी आली. सकाळी टीव्हीवर लिफाफा फोडला. घराण्याने निवड करण्याऐवजी थेट लिफाफाच उघडायचं ठरवलं होतं. आत हैथम बिन तारिक यांचं नाव. लगेच शपथ झाली. पुढच्या वर्षी नवा कायदा होऊन युवराजपद आलं, म्हणजे लिफाफ्याचीही गरज संपली. दरबारात आत काय घडलं ते मला माहीत असायचं कारण नाही. पण इतकं दिसलं, की नाव लिहून लिफाफा बंद केला की त्यापुढे लिहिणाऱ्याचा हात पोचत नाही, आणि तरीही गाडा चालतो.

हे सगळं मी मोठ्या रंगात येऊन घरी सांगत होतो. सौ. भाकरी थापत होत्या. चिरंजीव ऐकून घेऊन म्हणाले, "बाबा, मग माझ्या ॲडमिशनच्या अकाउंटचा ओटीपी तुमच्या फोनवर का येतो?"

खुलासा करतो. चिरंजीवांची बारावी आहे. माझा आराखडा: पुणे, इंजिनिअरिंग, आजीचं घर जवळ. त्यांचा बेत वेगळा. रास अल जिन्झला अंडी घालायला येणारी कासवं पाहिल्यापासून त्यांना समुद्रजीवशास्त्र करायचंय आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाचा फॉर्म भरायचाय. सगळे अर्ज मी भरलेले, माझ्या नंबरवर. म्हणजे त्यांनी कुठे लॉगिन केलं की मला वाळवंटात बसल्या जागी टिंग!

"अरे, तुझ्या भल्यासाठीच ना," मी म्हणालो.

"ते मला माहितीये. तुमच्या हेतूबद्दल मी कुठे काय म्हणतोय?"

सौ. तव्याकडे बघून हसल्या. मला वाटतं या घरात बातम्यांचं आणखी एक जाळं आहे आणि त्याची कारभारीण माझ्यापेक्षा फार हुशार आहे.

असो. काल कॅम्पवर यायच्या आधी आम्ही दोघं बसलो आणि नंबर बदलला. शेवटचा ओटीपी माझ्या फोनवर आला, तो मी वाचून दाखवला, त्याने तो टाकला. आता त्याने पुणं निवडलं की रत्नागिरी, मला कळायचा मार्ग एकच उरलाय. तो सांगेल तेव्हा.