रिकिबीसाठी घडलेली टाच

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हाही माझ्या पायात काउबॉय बूट असतात. पाय शिजत नाहीत का, असं लोक विचारतात. बुटाला आतून-बाहेरून खरं चामडं असेल तर नाही शिजत. घाम चामड्यात जिरतो. रेक्झिनच्या नकलेत मात्र हाल होतात.

हे वेड लावलं नट फिरोज खानने. 'खोटे सिक्के' आणि 'काला सोना' मी धुळ्यात पाहिले आणि त्याची घोड्यावरची बैठक डोक्यातून गेलीच नाही. पुढे टेक्सासात असलेला मावसभाऊ सुट्टीवर येताना बुटांचे जोड आणू लागला. काउबॉय शर्ट मात्र मी धुळ्यातच शिवून घेतो. खांद्यावर टोकदार जोड आणि पुढे टिचबटणं. डेन्व्हरच्या जॅक वाइलने १९४६ पासून असे शर्ट विकले. बाही कुठे अडकली, तर टिचबटण उघडतं आणि कापड फाटत नाही.

या बुटांची खरी पारख झाली ती सारंगखेड्यात. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं. मारवाडी, काठियावाडी घोडे पाहत फिरत होतो, तेवढ्यात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने माझ्या पायाकडे बोट केलं. "इतली उच्ची टाच कसाले भाऊ?" मी बूट काढून हातात दिला. त्याने टाचेवर अंगठा दाबला, पुढचं निमुळतं टोक पाहिलं आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता शेजारच्या पोराला समजावू लागला. टोक रिकिबीत चटकन शिरतं, टाचेमुळे पाय पलीकडे निसटत नाही, नाडी नसल्याने स्वार पडलाच तर पाय बुटातून सुटतो आणि घोडा त्याला फरफटत नेत नाही. टेक्सासचं नावही न घेता त्याने सगळं बरोबर सांगितलं! आयुष्यभर घोड्यांत राहिलेल्या माणसाकडून माझ्या बुटांना मिळालेली ती दाद मला फार मोलाची वाटते.

बुटाच्या नळीवरची नक्षीदार शिवणही नुसती शोभेची नाही. तिच्यामुळे चामडं ताठ राहतं, घोट्यावर गोळा होत नाही. अजगराच्या कातडीचे बूटही जगात मिळतात. मला ते नकोत. जिवंत अजगर शेताच्या बांधावर असावा.

पावसाळ्यात काळ्या मातीत चामड्याचा तळ घसरतो, म्हणून जळगावातल्या एका चर्मकारदादांकडून रबरी अर्धा सोल लावून घेतला. तळव्याच्या कमानीखालच्या लाकडी खुंट्या पाहून त्यांनी रापी खालीच ठेवली. ओल लागली की लाकूड आणि चामडं एकत्र फुगतं, वाळताना एकत्र आकसतं, म्हणून ही पकड सैल होत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. आता म्हशीच्या चामड्याचा एक जोड ते माझ्यासाठी शिवणार आहेत. फर्मा आग्र्याहून मागवलाय. टाचेवरून मात्र आमचं अजून अडलंय: त्यांना ती सरळ हवी, मला तिरकी.