हिवाचा आठवडा

बीड जिल्ह्याविषयी बोलणे निघाले की ते बहुधा पावसावर येऊन थांबते. म्हणजे न पडलेल्या पावसावर. अवर्षण, टँकर, चारा छावण्या यांची नोंद सरकारदरबारी होते आणि वर्तमानपत्रांतही होते. थंडीची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक इथला रब्बीचा सारा संसार तिच्याच भरवशावर चालतो. गेल्या मार्गशीर्षात वेळ अमावस्येपूर्वीचे सहा दिवस आणि तो सण असा एक आठवडा अंबाजोगाईला राहण्याचा योग आला. या आठवड्यात हवेखेरीज दुसरे काही घडले नाही, असे म्हटले तरी चालेल.

अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसली आहे. पहिले दोन दिवस वारा उत्तरेचा होता आणि आकाश निरभ्र. ढग नसले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब थेट आकाशाला देऊन टाकते. त्यामुळे दुपारच्या उन्हाचा चटका बसावा आणि पहाटे हाताची बोटे वळू नयेत, असा इथला हिवाळा असतो. बसस्थानकापाशी उजाडण्यापूर्वीच शेकोट्या पेटलेल्या दिसत. दासोपंतांनी (१५५१–१६१५) याच गावी एका लांबलचक पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. पासोडी म्हणजे मूळचे पांघरायचे जाडेभरडे कापड. वाङ्मयाच्या इतिहासात वाचताना ती मला नेहमी केवळ हस्तलिखित वाटत आली. त्या दोन पहाटे मात्र तिच्यातले पांघरूण आधी आठवले.

गावापासून सात-आठ किलोमीटरवर आमचे थोडे शेत आहे. ते बटईने दिलेले आहे. बटईदार आणि त्याची बायको ज्वारी पेरून, दसऱ्यानंतर मुकादमाच्या गाडीतून सांगलीकडे ऊसतोडीला गेले. दोन वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर गेला. आठ वर्षांची मुलगी शाळेसाठी आजीपाशी राहिली. जिल्ह्यातील काही लाख माणसे दरवर्षी अशी जातात, तेव्हा यात नवल करण्याजोगे काही नाही. हिवाळ्यात इथल्या कितीतरी वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि लहान मुले एवढीच उरतात.

त्या आजींना मी मावशी म्हणतो. दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो तेव्हा मावशी खुशीत होत्या. मालदांडी पोटरीत आली होती. परतीच्या पावसाने जमिनीत जी ओल मुरते, तिच्यावरच या ज्वारीला शेवटपर्यंत निभवावे लागते. थंडीने ती ओल पुरवून पुरवून वापरली जाते. हरभऱ्याच्या पानांवर पहाटेचे दव होते. पूर्वी रात्री पिकावर धडपे अंथरून सकाळी ते पिळून आंब काढीत, ती पोटदुखीवर देत, असे त्यांनी सांगितले.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा उगवतीकडे फिरला आणि आभाळ आले. ढग रात्रीच्या पृथ्वीवर पांघरुणासारखे काम करतात. जमिनीची ऊब ते निसटू देत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी धुई पडली. गावात लोक ‘थंडी मोडली’ म्हणून सुखावले. शेतावर मात्र मावशी पाने उलटून पाहत होत्या. अशा आभाळी हवेत ज्वारीवर मावा वाढतो, त्याच्या गोड स्रावाने पाने चिकट होतात. त्याला चिकटा म्हणतात. हरभऱ्यावरही घाटेअळीचे भय असते. आभाळ आठ दिवस टिकले तर अर्धे पीक गेले, हे त्यांनी न सांगताही कळत होते.

त्याच संध्याकाळी सांगलीहून फोन आला. तिकडेही आभाळ होते. मुलगा सांगत होता, बऱ्याच दिवसांनी काल पोरगे रात्रभर शांत झोपले. ऊस म्हणजे पाण्यावरचे पीक. भिजलेल्या रानात थंडी अधिकच बोचते. तोडणी पहाटे अंधारातच सुरू होते, तेव्हा पाचट दवाने निथळत असते आणि पहिल्या मोळीतच अंगावरचे कपडे भिजतात. लेकरू मागे कोपीत असते. ती कोपी बांबूच्या चटयांची किंवा पाचटाची, वर फार तर प्लॅस्टिकचा कागद.

फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जुंधळ्याला हिव लागतंय, दादा. लेकराला सोसंना.”

मी विचारले, “मग तुम्ही देवापाशी काय मागता?”

“मागायचं काय? हिकडं पड, तिकडं पडू नगं, असं हिवाला सांगता येतं व्हय?”

हवामानाच्या बातमीत थंडीची लाट येते नि ओसरते, एवढेच असते. ती कोणाच्या रानात शिरली आणि कोणाच्या कोपीत, हे त्या बातमीत मावत नाही. कोरडवाहू शेताला जी थंडी हवी असते, तीच त्या शेतावर न भागणाऱ्या माणसाला परमुलखात गाठते. शेत पुरत असते तर तो इथे, आपल्या घरात असता आणि दोन्हीकडची थंडी त्याला एकाच वेळी भोगावी लागली नसती.

पाचव्या दिवशी ढग विरळ झाले. सहाव्या रात्री वारा पुन्हा उत्तरेचा झाला. सकाळी मावशी शेतात फिरून आल्या. चिकटा कुठेच नव्हता.

सातव्या दिवशी वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि आमच्या बाजूच्या बीड जिल्ह्यात तिला येळवस म्हणतात. शेतात कडब्याची कोप उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, नैवेद्याला आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे. पूजा झाल्यावर नात कोपीत शिरून बसली आणि म्हणाली, “आईचीबी अशीच हाय.” कोणी काही बोलले नाही. मावशींनी शेताच्या चारी कडांना आंबील शिंपडली.

वस्तीवरचा एक जण दुसऱ्या दिवशी सांगलीच्या बाजूला निघाला होता. मावशींनी त्याच्याजवळ उंड्यांचे गाठोडे दिले आणि एक वाकळ दिली. उंडे घरात अजून होते. वाकळ आता आजी-नातीत मिळून एकच राहिली, आणि त्या रात्री आभाळ अगदी स्वच्छ होते.